उंबरा ताईच्या नावे

मी, खाली सही करणारी, पुस्तके बांधणाऱ्याची धाकटी मुलगी, सज्ञान, अविवाहित, वडिलांच्या कामात शिवणीची बाजू सांभाळणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही; बुद्धी मात्र शाबूत आहे, आणि तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिलेला असून तो या कागदास जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. मला बोलायला जमत नाही म्हणून लिहीत आहे, एवढेच. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या वयात ते कोणी करीत नाही.

मजकूर कसा असावा हे सांगण्यासाठी वकीलबाई घरी येऊन गेल्या. माझा पहिला खर्डा वाचून त्या म्हणाल्या, "अगं, मृत्युपत्र आहे हे, निबंध नव्हे. कोणाला काय, एवढंच लिही." मी मान डोलावली. परंतु 'का' वगळून नुसते 'कोणाला काय' लिहिले, तर तो कागद कायद्याला पुरेल, माझ्या घराला पुरणार नाही. म्हणून कलमे पाडली आहेत, आणि कलमांत जे मावले नाही ते त्यांच्याखाली लिहिले आहे.

कलम पहिले : मिळकतीचे वर्णन

आईने तिच्या मृत्युपत्रान्वये मला दिलेली या घराची तळमजल्यावरील दर्शनी खोली, तिचा दरवाजा, उंबरा आणि उंबऱ्याबाहेरची दगडी पायरी, ही माझी एकमेव स्थावर मिळकत होय. तिच्या एका बाजूस रस्ता, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्यांची भिंत, तिसऱ्या बाजूस वडिलांचे बांधणीचे दालन, आणि चौथ्या बाजूस माडीवर जाणारा जिना आहे, जो चढताना मला हल्ली मध्येच बसावे लागते. दालन व माडी वडिलांच्या मालकीची आहे. दालनाला गजांची खिडकी आहे, बाहेर उघडणारे दार नाही. घरात येण्याजाण्यास दर्शनी खोलीच्या दरवाजावाचून दुसरी वाट नाही. चतुःसीमेत ही गोष्ट लिहिण्याची पद्धत नाही. पण माझ्या बाबतीत सगळे घोडे तिथेच अडले आहे.

कलम दुसरे : मुख्य देणगी

वरील खोली, दरवाजा, उंबरा व पायरी मी माझ्या थोरल्या बहिणीस, म्हणजे ताईस, संपूर्ण मालकी हक्काने देत आहे. माझ्या पश्चात ती त्या पायरीवर बसली, तर ती स्वतःच्या पायरीवर बसलेली असेल. तिला वळसा घालून ज्यांना आत जायचे असेल, त्यांनी तिला विचारून जावे.

हे आजच बक्षीसपत्राने का करीत नाहीस, असे वकीलबाईंनी विचारले होते. बक्षीसपत्राच्या नोंदणीसाठी कचेरीत स्वतः जावे लागते, आणि मी या दाराबाहेर जाऊ शकत नाही. मृत्युपत्र घरी बसून करता येते. अर्थात माझे दार मला जिवंतपणी देता येत नाही. मेल्यावर देता येते. मी बाहेर का जाऊ शकत नाही, त्याचा खुलासा याच कलमात करणे भाग आहे.

आमच्या दर्शनी खोलीत दर आठवड्यास वाचनमंडळी भरते. इब्री, म्हणजे यहुदी, लोकांची जुनी शास्त्रे ही मंडळी पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत वाचते, आणि संपली की पुन्हा पहिल्या पानाकडे वळते. वाचक माझे वडील. त्यांनी स्वतः बांधलेली जाड प्रत लाकडी घोडीवर उघडी असते आणि ते ती कधीही मिटत नाहीत. मंडळीचा नियम असा, की ज्याच्या हातून मोठे पाप घडले त्याला उंबऱ्याबाहेर ठेवावे. त्याने पायरीवर बसून वाचन ऐकावे. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्याकडे पाहू नये. त्याने सर्वांसमोर उभे राहून पाप सांगितले, म्हणजे त्याच्या घरातल्या कर्त्याने त्याचा हात धरून त्याला आत घ्यावे. हा नियम माझ्या वडिलांनीच लिहिला आहे.

ताईने पाप केले. मी हे मुद्दाम स्पष्ट लिहीत आहे. उद्या कोणी म्हणू नये, की धाकटी भोळी होती, तिला थोरली निर्दोष वाटे. ताईच्या नवऱ्याने तिचे काही वाईट केले नव्हते. त्याला सोडून ती बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीबरोबर राहिली, आणि त्या मिस्त्रीला बायको होती. ती बायको आमच्या दारी येऊन रडली तेव्हा दार मी उघडले होते. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. पुढे ताई एकटीच परत आली. ती निर्दोष असती तर मला हे मृत्युपत्र लिहावे लागले नसते. निर्दोष माणसाचे न्यायावर भागते. दया लागते ती दोषी माणसाला.

ती आली तेव्हा मंडळी जमलेली होती. शिंपीकाका, म्हणजे मंडळीतले वडिलांच्या खालोखालचे वडीलधारे, तिला म्हणाले, "जे झालं ते उभं राहून सांग, आणि मोकळी हो."

"सांगितलंय."

"कोणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला. आणि त्या बाईच्या पाया पडून तिलाही सांगितलं. आता तुम्हाला काय ऐकायचंय त्यात, शिंपीकाका? खिडकीला पडदे कुठल्या कापडाचे होते ते?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. ताई त्याच दिवशी बाहेर गेली.

तेव्हापासून ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. दर वाचनाला येते, हातांना सोड्याचा वास असतो, आणि पायरीवर भिंतीला टेकून बसते. तिचा राग मंडळीवर आहे, शास्त्रावर नाही. वडिलांचा आवाज मध्येच खाली गेला की ती बाहेरून पायरीवर बोटांनी टकटक करते, आणि वडील पुढची ओळ मोठ्याने वाचतात. एवढेच त्यांचे संभाषण.

शिंपीकाकांना ज्या राजाची गोष्ट फारशी आवडत नाही, ती मला इथे नमूद करायची आहे. त्या राजाने आपले शहर निरपराधांच्या रक्ताने भरले, देवळात मूर्ती बसवल्या, पोटची मुले आगीत घातली. शत्रूने त्याला लोखंडी आकड्यांत अडकवून, साखळदंडात परमुलखी नेले. तिथे तो देवापुढे नमला. ती प्रार्थना ऐकायला त्याच्या गावचा एकही माणूस हजर नव्हता. तुरुंगात मंडळी भरत नाही. देवाने ती ऐकली आणि त्याला परत आणले. ताईने जे सांगायचे ते जिथे सांगितले, तिथेही आपण कोणी नव्हतो.

आता माझ्या नवसाविषयी.

एका वाचनाला वारा सुटला होता आणि घोडीवरची पाने उडत होती. शिंपीकाका उठले आणि त्यांनी दार लावून घेतले. ताई पायरीवर होती. वडील हागार नावाच्या दासीचा भाग वाचत होते. मालकिणीच्या जाचाला कंटाळून ती रानात पळून गेली होती, आणि झऱ्याकाठी देवाच्या दूताने तिला विचारले, कुठून आलीस, कुठे चाललीस? ज्या घरात ती राबली, तिथे तिला हे कोणी विचारल्याचे लिहिलेले नाही. आमच्याही घरात ताईला ते कोणी विचारले नव्हते. मी उठून उभी राहिले. शाळेत पहिली येऊनसुद्धा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर जाताना माझे पाय लटपटत. त्या दिवशी लटपटले नाहीत, ही नवलाची गोष्ट आहे. मी म्हणाले, "बाबा ताईचा हात धरून तिला या दारातून आत घेत नाहीत, तोवर मी या दारातून बाहेर जाणार नाही."

उघड्या शास्त्रासमोर बोललेला शब्द आमच्यात नवस मानतात. आणि बापाच्या घरी राहणाऱ्या मुलीच्या नवसाबद्दल शास्त्राचा नियम असा आहे, की बापाने ऐकला त्याच दिवशी मनाई केली, तर नवस रद्द होतो. ऐकून तो गप्प राहिला, तर नवस कायम. वडिलांचे बोट ओळीवर थांबले होते. त्यांनी ते तिथून हलवले आणि पुढे वाचायला सुरुवात केली. झोपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. अशा रीतीने मी आत अडकले.

आमच्या शास्त्रात एक सरदार आहे. लढाईहून परतल्यावर माझ्या दारातून जे कोणी प्रथम बाहेर येईल ते देवाला अर्पण करीन, असे तो बोलून बसला. आणि दारातून त्याची एकुलती एक मुलगी नाचत बाहेर आली. ते प्रकरण वाचताना वडिलांचा आवाज नेहमी कोरडा पडतो. माझे बरोबर उलट झाले आहे. नवस मुलीने केला, दार तेच आहे, आणि मुलगी बाहेर येत नाही.

त्या वर्षी महाविद्यालयात मिळालेला प्रवेश गेला. मग जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासू लागल्या. माझ्या छातीला नळी लावून त्यांनी वडिलांना ऐकवले, "ऐकलंत? ही खरखर. ही झडप बदलायला हवी, आणि ती घरात बदलता येत नाही."

"तिने बाहेर जावं," वडील म्हणाले. "मी दार धरून ठेवलेलं नाही."

"आणि तू काय म्हणतेस गं?"

"बाबांनी ताईला आत घ्यावं," मी म्हणाले.

"छान. म्हणजे दोघं मिळून हिला मारताय," डॉक्टरीणबाई नळी गुंडाळत म्हणाल्या, "आणि तेही पुस्तकात बोट घालून."

वडिलांची बाजू मी इथे मांडली नाही, तर हा कागद एकतर्फी होईल. मंडळीतल्या एका विधवा बाईची मुलगी काही वर्षांपूर्वी अशीच बाहेर ठेवली गेली. ती बाई वडिलांच्या पाया पडली, आणि वडिलांनी दार उघडले नाही. ती मुलगी पुढे पायरीवर यायची बंद झाली. कुठे गेली ते कोणास ठाऊक नाही. मी एकदाच धीर करून विषय काढला, तेव्हा वडील पुठ्ठ्याला खळ लावीत होते. मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्याच्या मुलीला मी बाहेर ठेवलं, धाकटे. आता माझी आहे म्हणून हात धरू? त्या बाईला मी कोणत्या तोंडाने भेटू?"

ताईला नवस कळला तेव्हा ती भडकली. एका दुपारी ती नियम, मंडळी सगळे बाजूला सारून सरळ आत शिरली. लहानपणापासून ती मला वाळवी म्हणते, कारण मी पुस्तकांतून बाहेर निघत नसे.

"ए वाळवी, ऊठ. आले मी आत. फिटला तुझा नवस. चल इस्पितळात."

"असा नाही फिटत. बाबांनी हात धरायला हवा."

"कोणी सांगितलं होतं तुला असलं काही बोलायला? वर्गात तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि बोललीस ती हे बोललीस?"

वडील दालनाच्या तोंडाशी उभे होते. ताईने त्यांच्यासमोर हात पुढे केला. "धरा, बाबा. मला नका घेऊ आत. नंतर पुन्हा घालवा बाहेर. पण हिच्यासाठी एकदा धरा."

वडिलांचे हात कोपरापर्यंत खळीने माखलेले होते. ते हातांकडे बघत राहिले. ताई हात खाली घेऊन निघून गेली. नंतर वडिलांनी हात धुतले. फार वेळ धुतले. नळाचा आवाज मला जिन्यात ऐकू येत होता.

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. मी माडीच्या खिडकीतून रस्ता पाहते. पाववाल्याची सायकल, शाळेची मुले, भिंतीवरचे जुने पत्रक फाडून त्यावर नवे चिकटवणारा माणूस. खाली दाबयंत्राचा दांडा करकरतो. पुस्तके या दारातून सुटी येतात आणि बांधून जातात. या घरातून बाहेर न जाणारी वस्तू मी एकटीच आहे, आणि हे लिहिताना मला हसू आले, हे नोंदवते.

ताईला उंबरा देण्याचे खरे कारण एका वेढा पडलेल्या शहराच्या गोष्टीत आहे. शत्रूने शहराला घेरले होते. वेशी बंद, आत उपासमार. वेशीबाहेर चार कुष्ठरोगी होते, ज्यांना शहराने आधीच बाहेर काढले होते. इथे मरायचे तर तिथे जाऊन मरू, म्हणून ते शत्रूच्या छावणीकडे गेले, तर छावणी रिकामी. देवाने शत्रूला पळवून लावले होते. वेढा उठला होता, आणि आतल्यांना पत्ता नव्हता. ते कळवायला आले ते तेच चौघे, ज्यांना वेशीच्या आत यायची परवानगी नव्हती. आतल्या राजाला तर ती शत्रूची चाल वाटली.

वडील ही गोष्ट वाचतात तेव्हा मंडळी खूश होऊन माना डोलावते. मला प्रत्येक वेळी वाटते, की वेशीच्या आत आम्ही आहोत.

कलम तिसरे : इतर वस्तू

माझे शब्दकोश शाळेस द्यावेत. मला बक्षीस म्हणून लागोपाठ तोच एक शब्दकोश देण्यात आला. मुख्याध्यापकांनी यापुढे दुसरे पुस्तक निवडावे, ही नम्र विनंती. बँकेतील शिल्लक वर्णन करण्याजोगी नाही. ती इस्पितळातल्या गरिबांच्या औषधपेटीत घालावी. माझ्या सुया, दाभण आणि मेण लावलेला दोरा ताईला. तिची शिवण वाकडी होते, पण टाका घट्ट असतो; वडिलांनी एकदा बघावा.

कागदाच्या घड्या दाबायची हाडाची घडीपट्टी वडिलांस. मला लिहिता येण्याआधी त्यांनी ती माझ्या हातात दिली होती.

कलम चौथे : शिंपीकाका

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. शिंपीकाका साक्षीदार होणार असल्यामुळे त्यांना मालमत्ता देता येत नाही. राग देण्यास हरकत नसावी. दार त्यांनी लावले होते. शिवाय माझा शाळेचा गणवेश ते दर वर्षी 'अंगाबरोबर वाढेल' या हिशोबाने शिवीत, आणि मी शाळाभर पोत्यात घातल्यासारखी हिंडले. दोन्ही राग मी त्यांच्या स्वाधीन करीत आहे. मला ते पुढे न्यायचे नाहीत.

कलम पाचवे : अटी

ताईने वडिलांस खोलीतून काढू नये. वाचन तिथेच व्हावे, खुर्ची तीच असावी, आवाज खाली गेला तर टकटक करावी. ताईने शिंपीकाकांनाही काढू नये, मनात कितीही आले तरी. ज्या दिवशी ती कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवील, त्या दिवशी खोलीवरचा तिचा हक्क संपेल.

वडिलांना हे कलम धमकीसारखे वाटेल, याची मला कल्पना आहे. मी स्वतःलाही हे विचारले आहे. शास्त्रात एक संदेष्टा आहे, जो शहराबाहेर रुसून बसतो, कारण देवाने त्या पापी शहराला क्षमा केली आणि याचे म्हणणे खोटे पडले. मी त्याच्यासारखीच रुसून बसले आहे. फरक एवढाच, की तो क्षमा झाली म्हणून रुसला, मी होत नाही म्हणून. रुसवा तो रुसवाच. तरी नवस मोडून बाहेर पडणे मला जमत नाही. मी माझा शब्द अडचणीचा झाला म्हणून टाकला, तर देवाला त्याच्या शब्दाची आठवण कोणत्या अधिकाराने करून देऊ? हे सारे लिहूनही मला मरायचे नाही, हेही इथे लिहून ठेवते. मला महाविद्यालयात जायचे आहे.

डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेसाठी उद्या सकाळची वेळ मिळवली आहे. ही चुकली तर पुढची मिळेल. पण ती घेण्याइतकी मी उरेन असे त्यांना वाटत नाही.

भर

वरील मजकूर माझ्या घराच्या पद्धतीप्रमाणे सही करण्याआधी दर्शनी खोलीत मोठ्याने वाचण्यात आला. मला धाप लागत असल्याने डॉक्टरीणबाईंनी वाचला. वडील, शिंपीकाका व मी हजर होतो. शास्त्र घोडीवर उघडे होते. दार उकाड्यामुळे उघडे होते, आणि ताई पायरीवर होती. मजकुरात भर घातल्यास तिचे कारण साक्षीदारांसमक्ष लिहावे, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. म्हणून पुढील हकिकत लिहीत आहे.

वाचन संपले. शिंपीकाका आपल्या सदऱ्याची बाही चाचपत होते. मग वडील म्हणाले, "नवस मी ऐकला होता."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे," शिंपीकाका म्हणाले.

"ऐकला आणि गप्प राहिलो. आज मी तो मोडतो."

"आता कसा मोडता येईल? ऐकलात त्या दिवशी मोडायचा होता."

"उशिरा मोडणाऱ्याचंही लिहिलंय पुढे. वाचलंय आपण, कित्येकदा." वडिलांनी घोडीवरची पाने उलटली नाहीत, त्यांना ते पाठ आहे. "ऐकून गप्प राहिलेल्याने मागाहून नवस मोडला, तर तिचा दोष तो वाहील."

"अहो, ते नवऱ्याबद्दल आहे. बापाबद्दल नाही."

"बापाला सूट असेल असं मला वाटत नाही."

डॉक्टरीणबाई हातातला कागद तसाच धरून उभ्या होत्या. शिंपीकाकांचा आवाज अगदी खाली आला. "म्हणजे दोष तुमच्यावर येतो. उघड्या शास्त्रासमोर बोलताय. आणि दोषी माणसाला आपण..."

"ठाऊक आहे. नियम मी लिहिलाय." वडील उठले. "थोरलीला मी हात धरून आत घेऊ शकत नाही. त्या बाईच्या मुलीला घेतलं नाही, हिलाही घेता येणार नाही. पण पायरीवर बसायला मला कोणाची परवानगी लागत नाही."

ते उंबरा ओलांडून बाहेर गेले. ताईने मान वळवून पाहिले आणि ती एकदम उठू लागली. वडील म्हणाले, "बस. तुझी जागा आहे." मग तिच्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्यांवर हात ठेवून, ते खाली बसले. मला त्यांचा आवाज आला. वाचनाचा नव्हे, वेगळाच. "कुठे होतीस गं इतके दिवस?"

ताई म्हणाली, "इथेच, बाबा."

शिंपीकाका घोडीजवळ एकटे उभे होते. आत ऐकायला माझ्याखेरीज मंडळीतले कोणी उरले नव्हते, आणि बाहेर बसलेल्यांशी त्यांना बोलता येत नव्हते. "मग वाचायचं कोणी?" ते स्वतःशीच म्हणाले.

मी उंबऱ्यापाशी गेले. नवस माझ्यावरून उतरला आहे हे मला कळत होते, पाऊल मात्र उचलत नव्हते. इतक्या काळात त्याला उंबरा ओलांडायची सवय राहिली नव्हती. माझ्या छातीतली खरखर मला स्वतःला ऐकू येत होती. ताई म्हणाली, "सरका थोडे, बाबा. वाळवीला जागा द्या." आणि दोघे सरकले.

हे मृत्युपत्र मी रद्द करीत नाही. उद्याचे काय ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही, आणि उंबरा ताईचाच राहावा अशी माझी इच्छा कायम आहे. बदल एवढाच, की सहीची जागा बदलली. साक्षीदारांनी सही करणारीला सही करताना पाहावे लागते. मी बाहेर असल्यामुळे शिंपीकाकांना दारापर्यंत यावे लागले. पायरीवर बसलेल्यांकडे पाहायचे नाही, असा नियम आहे. त्यांनी पाहिले.

वर लिहिलेला सर्व मजकूर, भरीसह, माझा आहे, मला मान्य आहे, आणि तो मी शुद्धीवर असताना, उजेडात, उघड्यावर, पुढील दोघांच्या नजरेसमोर सहीने पक्का करीत आहे.

सही : धाकटी

साक्षीदार : डॉक्टरीणबाई. (सही करणारीची नाडी जलद आहे, बुद्धी स्थिर आहे. सकाळी गाडी घेऊन येते. सगळ्यांनी तयार राहावे.)

साक्षीदार : शिंपी. (एक पाय उंबऱ्याच्या आत व एक बाहेर ठेवून सही केली. कलम चौथे वाचले. पुढचा गणवेश मापाने शिवीन.)

दिनांक : शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा, दिवस मावळण्यापूर्वी.

स्थळ : पायरी, उंबऱ्याच्या बाहेरची बाजू.